मुक्या जिवाचे दत्तकविधान

सिल्वासास पाहुणे आले की त्यांना काय दाखवावयाचे, हे आमच्याकडील प्रत्येक घरात ठरून गेलेले आहे. वासोण्याचे सिंह, दपाड्याजवळच्या सातमालियाच्या रानातली हरणे, दमणगंगेवरचे मधुबन धरण, आणि दिवस उरलाच तर आदिवासी संग्रहालय. सिंहांना कुंपण आहे, रखवालदार आहेत, खाण्याच्या वेळा आहेत. पाहुणे संतुष्ट होऊन परततात. परतीच्या वाटेवर मोटारीच्या दिव्यांच्या झोतात रस्त्याच्या मधोमध बसलेली पाच-सहा कुत्री मात्र कोणी कोणास दाखवीत नाही. ती आपोआप दिसतात आणि हॉर्न वाजला की उठून बाजूला होतात.

त्यांच्यात अलीकडे एखादा असाही दिसतो, की जो हॉर्न ऐकूनही बाजूला होत नाही. अंगावर लांब केस, गळ्याभोवती पट्ट्याचा वण, आणि रस्त्यावर कसे वागावे याचे कोणतेही शिक्षण नाही. १९५४ साली नगर हवेली मुक्त झाली तेव्हा हा सारा मुलूख रानाचा आणि भातशेतीचा होता. पुढे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग नोकरीनिमित्त देशभरची कुटुंबे आली. तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येतो. सामानाच्या ट्रकात कपाट चढते, फ्रीज चढतो, तुळशीची कुंडीदेखील चढते. हौसेने विकत आणलेला कुत्रा तेवढा फाटकाशी राहतो. आमच्या वसाहतीच्या फाटकाशी असाच एक लॅब्रॅडॉर चार दिवस बसून होता. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या मोटारीपाशी तो उठून जाई आणि पुन्हा जागेवर येऊन बसे. पाचव्या दिवशी वापीच्या एका सद्गृहस्थांनी त्याला नेले, म्हणून त्याची गोष्ट बरी संपली. पुष्कळांची तशी संपत नाही.

अशा टाकून दिलेल्या, जायबंदी झालेल्या किंवा आईवेगळ्या प्राण्यांसाठी शहरांतून आश्रयगृहे असतात. तेथून एखादा कुत्रा वा मांजर घरी आणावे काय, असे अनेक भगिनी मला विचारतात. कारण आमच्या घरी तशी एक कुत्री आहे. उत्तर देण्याचा अधिकार मला कितपत आहे, याची मात्र मला शंका आहे. तारा आमच्याकडे येण्यापूर्वी आम्ही त्याच आश्रयगृहातून एक पिल्लू आणले होते, आणि एकविसाव्या दिवशी ते परत नेऊन दिले होते.

पिल्लाचे नाव बंड्या. वय तीन महिने. चिरंजीवांच्या वाढदिवसाला मुंबईच्या एका उपनगरातील आश्रयगृहात आम्ही गेलो, आणि पायाशी लोळण घेणारे पहिलेच पिल्लू उचलून तासाभरात बाहेर पडलो. वाटेत भिलाड येईपर्यंत सारे कौतुकच होते. तिसऱ्या दिवसापासून खरे स्वरूप दिसू लागले. मी शाळेत, हे कारखान्यात, मुलगा वर्गात. घरी एकट्या सासूबाई. तीन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते, त्याचे दात शिवशिवत असतात म्हणून ते चपला, पायपुसणी आणि खुर्चीचे पाय चावते, आणि एकटे पडले की ते आक्रोश करते, यांतले काहीही आम्हांला ठाऊक नव्हते. शेजाऱ्यांनी आधी विचारपूस केली, मग तक्रार केली. ओल्या फरशीवरून सासूबाईंचा पाय घसरला आणि मनगट दुखावले. त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलले नाही.

परत नेले तेव्हा आश्रयगृहातील बाईंनी एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांनी मोठी नोंदवही काढली, तारीख घातली, आणि 'परत करण्याचे कारण' या रकान्यापाशी थांबून माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "वेळ नाही." त्यांनी तेवढेच दोन शब्द लिहिले. बंड्या चिरंजीवांच्या बुटाची नाडी ओढीत होता. त्याला हा खेळच वाटत असावा. दोन महिन्यांनी त्याला दुसरे घर मिळाल्याचे कळले. त्यात आमचे श्रेय काहीच नव्हते.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पांजरपोळात सोडून आलात ना एकदाचे?" त्या सुटकेच्या स्वरात बोलल्या होत्या, परंतु तो शब्द माझ्या मनात राहिला. आश्रयगृह ही काहीतरी विलायती कल्पना आहे, सुखवस्तू लोकांचे थेर आहे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. वस्तुतः आपल्या भागात ती चांगली जुनी आहे, आणि मुंबईत तर तिचा उगमच मुळी कुत्र्यांपासून झालेला आहे.

१८३२ सालची गोष्ट. मुंबईत भटकी कुत्री फार झाली म्हणून सरकारने ती मारण्याचा हुकूम काढला, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायास इनाम ठेविले. इनामाच्या लोभाने शिपाई घरच्या दारांत बसलेली कुत्रीही मारू लागले. ६ जूनला कोटातील पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. जैन आणि हिंदू व्यापारीही बंदात सामील झाले. सरकारला सैन्य बोलवावे लागले. 'कुत्र्यांचा दंगा' या नावाने ही घटना मुंबईच्या इतिहासात नमूद आहे. पारशी लोकांचा हा संताप कोठून आला, हे आम्हां हवेलीकरांना दुसऱ्याने समजावून सांगावयास नको. त्यांचे जुने बंदर संजाण आणि त्यांचे पवित्र उदवाडा ही दोन्ही आमच्या अगदी हाताच्या अंतरावर आहेत. त्यांच्या अंत्यविधीत मृताचे दर्शन कुत्र्यास घडवितात. त्या विधीस 'सगदीद' म्हणतात, आणि डोळ्यांवर दोन ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी विशेष मानतात. ज्याच्या नजरेखालून माणसाने शेवटच्या प्रवासास निघावयाचे, त्यालाच दंडुक्याने मारलेले कोणास सहन होईल?

या प्रकरणानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि त्यांचे पारशी-जैन स्नेही यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढले. आज पांजरपोळ म्हटले की गाई डोळ्यांसमोर येतात. परंतु मुंबईच्या पांजरपोळाचे निमित्त कुत्र्यांचे होते. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी संस्था मुंबईत निघाली, आणि परळला बाई साकरबाई दिनशा पेटीट यांच्या नावाचे पशु-रुग्णालय उभे राहिले. या दाननाम्यांत मराठी नावे फारशी आढळत नाहीत. दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर एक, असे आपण पिढ्यान् पिढ्या पूजीत आलो. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव कीर्तनात ऐकून डोळे पुसले. पण दारच्या कुत्र्याला आत घेण्याची वेळ आली की सोवळे आड येते. असो. हा चिमटा मी स्वतःलाही काढीत आहे.

कुत्री मारण्याचा प्रकार मात्र त्यानंतरही शतकाहून अधिक काळ चालू राहिला. मुंबईत पालिका १९९० च्या दशकापर्यंत ती मारीत असे. मारून संख्या कमी होत नाही. रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येतात आणि पुन्हा प्रजा वाढते, हा अनुभव आल्यावर २००१ साली केंद्र सरकारने नियम केले. भटक्या कुत्र्याचे निर्बीजीकरण करावयाचे, रेबीजची लस टोचावयाची आणि त्याला त्याच्याच गल्लीत परत सोडावयाचे. कानाला त्रिकोणी खाच असलेली कुत्री आपण पाहतो, ती या शस्त्रक्रियेची खूण. २०२३ मध्ये या नियमांच्या जागी नवे नियम आले. पण मूळ तत्त्व तेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवण्यास प्रथम सांगितले. देशभर खळबळ उडाली, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस मोठ्या खंडपीठाने तो आदेश बदलला. पिसाळलेली व हिंस्र कुत्री वगळता बाकीची टोचून आपल्या जागी सोडावीत, असे ठरले. त्याच आदेशात एक वाक्य असे होते, की ज्यांना रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यावयाचा असेल त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा. मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी त्यांची.

हे वाक्य वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मला त्या नोंदवहीतला रकाना आठवला. दत्तक हा शब्द आपण फार सैल वापरतो. मनुष्याच्या दत्तकविधानात देणारा आणि घेणारा समोरासमोर असतात, मूल प्रत्यक्ष हातात दिले-घेतले जाते, आणि १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे एकदा झालेले दत्तक रद्द करता येत नाही. आम्ही बंड्याला दत्तक घेतले नव्हते. आम्ही त्याला तीन आठवडे वापरून पाहिले होते.

पुन्हा त्याच दारात जाण्यास आम्हांला दीड वर्ष लागले. बाईंनी जुनी वही काढलीच. नकार मिळेल अशी तयारी ठेवून गेलो होतो. त्यांनी नकार दिला नाही, पण मुलीकडचे लोक स्थळाची चौकशी करतात तशी चौकशी केली. घर भाड्याचे की मालकीचे? दिवसा घरी कोण असते, त्यांची संमती आहे काय, की केवळ विरोध नाही? चार दिवस गावाला गेलात तर कुत्र्याकडे कोण पाहील? महिन्याचा खाण्याचा आणि औषधाचा खर्च झेपेल काय? घरात दम्याचे वा केसांचे वावडे असलेले कोणी आहे काय? गावठी कुत्रा बारा-पंधरा वर्षे जगतो. तेव्हा तुमचा मुलगा कोठे असेल? आणि सातवा प्रश्न, बदली झाली तर काय करणार? हे म्हणाले, "बरोबर नेऊ." बाई म्हणाल्या, "सगळे असेच म्हणतात," आणि लिहून घेतले.

कुत्रे आम्ही निवडले नाही, त्यांनी सुचविले. पिल्लू मुळीच देणार नाही, म्हणाल्या. "तुमच्या घराला शहाणी, वयाने मोठी, दिवसा झोपणारी कुत्री हवी." तारा पाच वर्षांची, तांबूस रंगाची, साधी गावठी. तिची मालकीण वृद्धापकाळाने वारली आणि मुलांनी तिला येथे आणून सोडले. आश्रयगृहात पिल्ले चटकन जातात. जातिवंत दिसणारी दुसऱ्या दिवशी जातात. तारासारखी मोठी, तपकिरी, गावठी कुत्री वर्षानुवर्षे तेथेच राहतात. जागा मोजकी असते. एक जुना प्राणी हलला नाही, तर दारात आलेल्या नव्याला 'जागा नाही' असे सांगावे लागते. म्हणून घरात लहान मूल वा सतत जागे माणूस नसेल, तर मोठे कुत्रे मागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा स्वभाव बनलेला असतो आणि तो आधीच कळतो; बहुधा त्याला बाहेर जाण्याची सवय असते; चावण्याचे वय सरलेले असते. 'मोठे कुत्रे माया लावीत नाही' ही समजूत चुकीची आहे. त्याला वेळ लागतो, इतकेच.

किती वेळ? आश्रयगृहातील मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस भीतीचे, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांनी घर आपले वाटू लागते. तारा पहिले चार दिवस सासूबाईंच्या लाकडी पलंगाखाली होती. रात्री सारे झोपल्यावर येऊन खाई. बाईंनी बजावले होते, की ओढून बाहेर काढू नका, पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका. गंमत अशी की ज्या पलंगाखाली ती लपली होती, त्यावर बसून सासूबाई रोज हरिपाठ म्हणत. नवव्या दिवशी त्यांच्या पायांशी ती येऊन बसली. सोवळ्याच्या प्रश्नावर घरात तह झाला आहे. स्वयंपाकघराचा आणि देवघराचा उंबरठा ताराने ओलांडावयाचा नाही. ती ओलांडीत नाही. उंबऱ्यावर हनुवटी टेकून आरती होईपर्यंत पडून राहते. प्रसाद तिला कोण देते हे मी पाहिले आहे, पण विचारीत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. प्राणी घरी आणताना त्याच्या लसींचा कागद मागून घ्यावा आणि पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यास दाखवावा. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास पहिली आणि नंतर दरवर्षी. पिल्लांना त्याआधीच पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची लस लागते. टोचल्याविना आणलेले पिल्लू पार्व्होने दोन-चार दिवसांत जाऊ शकते. आमच्या दक्षिण गुजरातेच्या पट्ट्यात पावसाळी पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तो उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या मूत्रातून माणसाला होतो, म्हणून ती लस येथे अवश्य घ्यावी. पावसाळ्यात कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड रोज तपासावे. गोचीडतापाने चांगली धडधाकट कुत्री अंथरुणास खिळतात. निर्बीजीकरण झालेले नसेल तर करून घ्यावे. कुत्री सहा महिन्यांपासून माजावर येऊ शकते आणि दोन महिन्यांत विते. 'एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत' असे म्हणणाऱ्या माणसाच्या घरी ती पिल्ले किती दिवस राहतात, हे आधी पाहावे.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे दूध-भाकरीवर फार भिस्त. मोठ्या कुत्र्या-मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, जुलाब होतात. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषासमान आहेत. म्हणजे आपली फोडणीची आमटी बाद. शिजवलेली हाडे घशात वा आतड्यात अडकतात. शाकाहारी घरात कुत्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने बिनमांसाच्या अन्नावर राहू शकतो. मांजर राहू शकत नाही. मांसातून मिळणारे टॉरिन नावाचे द्रव्य नसेल तर त्याची दृष्टी आणि हृदय बिघडते. ज्यांना घरात मांस चालत नाही त्यांनी मांजराचा मोह आवरावा. ज्यांना चालते आणि ज्यांची जागा दोन खोल्यांची आहे, त्यांना मांजर कुत्र्यापेक्षा सोयीचे. फिरावयास न्यावे लागत नाही आणि वाळूची परात त्याला दोन दिवसांत समजते. दोन पिल्ले एकत्र आणली तर ती एकमेकांत रमतात. मात्र वरच्या मजल्याच्या गॅलरीला जाळी आधी बसवावी. मांजर कधी पडत नाही, ही दंतकथा आहे.

पिसाळण्याची भीती ही खरी भीती आहे. तिला हसू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी बहुतेक सर्व कुत्र्यांपासूनच होतो. परंतु हाच रोग वेळेवर टोचून घेतल्यास पूर्णपणे टळतो. चावा वा ओरखडा झाला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि थेट सरकारी दवाखाना गाठावा. चुना, तिखट, तेल काहीही लावू नये. आमच्या पाड्यांतून आजही हे प्रकार चालतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो. आमच्याप्रमाणेच पोर्तुगीज अंमल सोसलेल्या गोव्याने गेल्या दशकात गावोगाव कुत्र्यांना जाळ्यांनी धरून लस टोचली, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. कुत्री तेथे आजही रस्तोरस्ती आहेत.

इमारतींत राहणाऱ्यांना सोसायटीची धास्ती असते. कुत्रे पाळण्यास सरसकट बंदी घालता येत नाही, असे पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळविलेले आहे. मात्र जिन्यात केलेली घाण आपण उचलली पाहिजे. तो हक्काचा नव्हे, शेजारधर्माचा भाग आहे. बंड्याच्या वेळी ज्यांनी तक्रार केली, त्या शेजारीणबाई आम्ही गावाला गेलो की ताराला पाणी देतात. त्यांची तक्रार तेव्हाही खरीच होती.

सातव्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ आता जवळ आली आहे. ह्यांच्या बदलीची चिन्हे आहेत. बहुधा इंदूर, नाही तर थेट हैदराबाद. आम्ही चौकशी करून ठेवली आहे. रेल्वेत पहिल्या वर्गाचा स्वतंत्र डबा मिळाला तर कुत्रे बरोबर नेता येते. नाही तर त्याला गार्डाच्या डब्यातील पेटीतून एकटे जावे लागते. एकटे पाठविणे सासूबाईंना मान्य नाही. त्यामुळे मोटारीने जावयाचे आणि वाटेत एक रात्र मुक्काम करावयाचा, असे ठरत आहे. कुत्रे चालेल अशी धर्मशाळा वा लॉज कोठे आहे, याची पत्रे हे लिहीत आहेत. खोकी माळ्यावरून काढली त्या दिवशी तारा पुन्हा पलंगाखाली जाऊन बसली होती. सासूबाईंनी तिची जुनी गोधडी सर्वांत आधी बांधून दाराशी ठेविली आहे. संध्याकाळपासून ती त्या गाठोड्यावरच झोपते.